दिवस भरण्याआधी कळा : तपासणीवर किती विसंबावे?

सातव्या-आठव्या महिन्यात पोटात कळ आली की घरचे लोक डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारतात तो हाच : "काहीतरी तपासणी करून सांगा, दिवस भरतील ना?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर साधे नाही. या लेखात त्या तपासण्यांची ताकद आणि मर्यादा समजून घेऊ.

गर्भ ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मला तर त्याला अपुऱ्या दिवसांचे बाळ म्हणतात. २०२० साली भारतात अशी सुमारे ३० लाख बाळे जन्मली. जगातील कोणत्याही देशापेक्षा हा आकडा मोठा आहे. 'सातव्याचे जगते, आठव्याचे जगत नाही' असे आपल्याकडे म्हातारी माणसे सांगतात. हा निव्वळ गैरसमज आहे. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो.

मुख्य तपासण्या दोन. पहिली, गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी. ही योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीत नीट मोजता येते. त्याने बाळाला इजा होत नाही, म्हणून सासूबाईंनी घाबरू नये. २४ आठवड्यांच्या आत ही लांबी २५ मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर धोका वाढतो. उलट कळा येत असूनही ती ३० मिलिमीटरच्या वर असेल तर लगेच प्रसूती होण्याचा संभव फार कमी. दुसरी तपासणी योनीमार्गातील स्रावाची. त्यात फायब्रोनेक्टिन नावाचे प्रथिन शोधतात. ते गर्भाचे आवरण आणि गर्भपिशवी यांना डिंकासारखे चिकटवून ठेवते. २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान ते स्रावात सापडले तर तो इशारा समजतात. मात्र आदल्या २४ तासांत शरीरसंबंध आला असेल, आतून तपासणी झाली असेल किंवा रक्त जात असेल, तर हा निकाल फसवा येऊ शकतो.

आता विश्वासार्हतेचा हिशोब मांडू. समजा, कळा येणाऱ्या १०० गरोदर स्त्रिया आहेत आणि त्यांतील ५ जणी खरोखर आठवड्यात बाळंत होणार आहेत. तपासणीने त्या ५ पैकी ४ जणी बरोबर ओळखल्या, १ सुटली. उरलेल्या ९५ पैकी १४ जणींना तिने उगीच 'धोका आहे' असे सांगितले. म्हणजे 'धोका' असा निकाल १८ जणींना मिळाला, पण खरा फक्त ४ जणींचा. 'धोका नाही' असा निकाल ८२ जणींना मिळाला, त्यात ८१ जणींचा खरा. हे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, पण प्रत्यक्षातील चित्र असेच असते. या तपासण्यांच्या 'नाही'वर बऱ्यापैकी विसंबता येते, 'होय'वर नाही. आणि तो 'नाही'सुद्धा पुढच्या एक-दोन आठवड्यांपुरताच असतो. नऊ महिन्यांची ती हमी नव्हे.

मग प्रत्येक गरोदर स्त्रीची तपासणी करून ठेवावी काय? अमेरिकेत पहिलटकरणींवर झालेला मोठा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात नऊ हजारांवर स्त्रिया होत्या. ज्यांची प्रसूती पुढे आपोआप लवकर झाली, त्यांतील १०० पैकी जेमतेम ८ जणी गर्भपिशवीच्या तोंडाच्या लांबीवरून आधी ओळखता आल्या. तेव्हा काही त्रास नसताना, केवळ मनाच्या समाधानासाठी फायब्रोनेक्टिनवर पैसे घालवू नयेत. आधीचे बाळंतपण लवकर झाले असेल, तर लांबी मोजून घेण्यात मात्र अर्थ आहे. ती कमी भरली तर प्रोजेस्टेरॉनचे औषध देता येते.

'खोटा इशारा मिळाला तर बिघडले कुठे?' असे कोणी म्हणेल. बिघडते. बाळाची फुप्फुसे पक्की व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. नागपूर व बेळगाव परिसरासह सहा देशांत गावपातळीवर ही इंजेक्शने वाढवण्याचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ साली आले. इंजेक्शन मिळालेल्या बहुतेक स्त्रियांना अगदी लहान बाळ झालेच नाही. नवजात मृत्यू कमी होण्याऐवजी एकंदरीत थोडे वाढले आणि मातांमध्ये जंतुसंसर्गही वाढला. योग्य वेळी, योग्य रुग्णालयात हेच औषध बाळाचे प्राण वाचवते. म्हणून अचूक निदानाला इतके महत्त्व. केंद्र शासनाच्या २०१४ च्या मार्गदर्शनानुसार २४ ते ३४ आठवड्यांत खऱ्या कळा असल्यास डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, असे चार डोस देतात. पहिला डोस देऊन नर्सताईही रुग्णाला पुढे पाठवू शकतात.

या सगळ्याचा पाया म्हणजे दिवसांचा अचूक हिशोब. 'पोळ्याच्या सुमारास पाळी चुकली' एवढ्यावर ३० आठवडे की ३४ हे ठरत नाही. पाळीची तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवा. पहिल्या तीन महिन्यांत एक सोनोग्राफी अवश्य करा, कारण तिच्यावरून काढलेले दिवस सर्वांत भरवशाचे. मुखेड, कंधार, जळकोट भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या भगिनींनी हा कागद सोबतच न्यावा. कळा फडावर आल्या तर तिथल्या डॉक्टरला तोच आधार.

पुढील लक्षणे दिसली तर तपासणीच्या निकालाची वाट पाहू नका : दर दहा मिनिटांनी किंवा त्याहून लवकर पोट कडक होणे, अंगावरून पाणी किंवा रक्त जाणे, कंबरेत राहून राहून कळ येणे, ओटीपोट खाली ओढल्यासारखे वाटणे. लगेच १०८ क्रमांकावर फोन करा. किनवट-माहूरकडून नांदेड शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. उदगीर-देवणीकडून लातूरही जवळ नाही. नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष असलेल्या रुग्णालयात आई बाळ पोटात असतानाच पोहोचली पाहिजे. आईच्या पोटाइतकी सुरक्षित रुग्णवाहिका दुसरी नाही.

तेव्हा तपासणी जरूर करा, पण तिला ज्योतिष समजू नका. निकाल 'नाही' आला तरी कळा वाढल्यास पुन्हा दाखवा. 'होय' आला तर घाबरून न जाता तयारीला लागा.