गोल विहिरीचे माप आणि घामाचा दाम



या तिमाहीत पासलीच्या संध्याकाळच्या वर्गात आम्ही वर्तुळ शिकलो. हा धडा तुमच्यासाठीही लिहीत आहे, कारण येथे तो केवळ परीक्षेचा विषय नाही.

वेल्ह्याहून केळदकडे जाताना पासली लागते. भात झोडून झाले की आसपासच्या वाड्यांतले कातकरी बांधव वीटभट्टीवर, नाहीतर विहिरी खोदायला बाहेर पडतात. खोदाईची मजुरी बहुधा ब्रासवर ठरते. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. विहीर असते गोल. ज्याला वर्तुळाचे क्षेत्रफळ काढता येत नाही, त्याला आपल्याच कामाचे माप दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागते.

परीघ आणि व्यास

खुंटी ठोकून दोरी ताणली आणि फिरवली की जमिनीवर वर्तुळ उमटते. खुंटी हे केंद्र, दोरी ही त्रिज्या, त्रिज्येची दुप्पट तो व्यास आणि भोवतालचा घेर तो परीघ.

मुलांनी घरून तवा, थाळी, परात आणली. प्रत्येकीचा घेर सुतळीने मोजला आणि त्याला व्यासाने भागले. भांडे लहान असो वा मोठे, उत्तर तीनाहून थोडे जास्तच आले. या संख्येला गणितात 'पाय' म्हणतात. व्यवहारात ती २२/७ किंवा ३.१४ धरतात.

पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांना येथे शलमोनाच्या मंदिरातला गंगाळसागर आठवेल (१ राजे ७:२३). त्याचा व्यास १० हात आणि घेर ३० हात सांगितला आहे, म्हणजे सरळ तिप्पट. २२/७ ने हिशेब केला तर घेर सुमारे ३१.४ हात येतो. तेथे ठोकळ माप दिले आहे. मात्र जेथे मापावर मजुरी ठरते, तेथे ठोकळ मापाने भागत नाही.

क्षेत्रफळ

जुन्या कॅलेंडरच्या कागदाची गोल चकती कापा. तिचे भाकरीच्या तुकड्यांसारखे १६ समान तुकडे करा. एकाचे टोक वर, दुसऱ्याचे खाली, असे ते शेजारी शेजारी लावा. जवळजवळ आयत तयार होतो. त्याची लांबी अर्धा परीघ आणि उंची त्रिज्या. तुकडे जितके बारीक, तितका आयत नेटका. म्हणून:

क्षेत्रफळ = अर्धा परीघ × त्रिज्या

हेच दुसऱ्या शब्दांत परीघ × व्यास ÷ ४ असे होते. ही रीत भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त दिली आहे. 'पाय'साठी त्यांनी सूक्ष्म कामाला ३९२७/१२५० आणि व्यवहाराला २२/७ सांगितले. शाळेत शिकवतात ते 'पाय × त्रिज्येचा वर्ग' हे सूत्रही हेच आहे. पण ज्याच्या हाती फक्त दोरी आहे, त्याला पहिली रीत सोपी पडते.

विहिरीचा हिशेब

समजा, विहिरीचा व्यास २१ फूट आणि खोली १० फूट आहे.
परीघ: २१ × २२/७ = ६६ फूट.
क्षेत्रफळ: ६६ × २१ ÷ ४ = ३४६.५ चौरस फूट.
घनफळ: ३४६.५ × १० = ३,४६५ घनफूट, म्हणजे ३४.६५ ब्रास.

आमच्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांना याच मापाच्या विहिरीचे जेमतेम २७ ब्रास सांगितले गेले. मुकादमाची रीत अशी: दोरीने घेर घ्यायचा, त्याची चौघडी करायची आणि तिचा वर्ग करायचा. ६६ ची चौथाई १६.५, तिचा वर्ग २७२.२५, गुणिले १०, म्हणजे २७.२२ ब्रास. ही रीत लाकूडबाजारातली आहे. गोल ओंडका चौकोनी कापताना बाजूचा भाग वाया जातो, म्हणून तेथे अशी सूट धरत. विहिरीत वाया काय जाते? खोदलेली प्रत्येक पाटी डोक्यावरून वर आलेली असते. या रीतीने १४ ब्रासांमागे ३ ब्रास बुडतात.

मुलीने वहीत मांडलेला हिशेब घेऊन वडील मुकादमाकडे गेले. पुढच्या विहिरीपासून व्यास मोजून हिशेब धरायचे त्याने कबूल केले. मागचे मात्र मिळाले नाही. लांबी, वजन व माप यांत अन्याय करू नये, अशी आज्ञा लेवीय १९:३५ मध्ये आहे. ती पाळली जाते की नाही, हे पाहायला ज्याचे माप घेतले जाते त्यालाही मोजता आले पाहिजे.

घरच्या मुलांसाठी

एका गोल टाकीचा आतला परीघ २२ फूट व खोली ४ फूट आहे. तिच्यात किती लिटर पाणी मावेल? (१ घनफूट = सुमारे २८.३ लिटर.)
उत्तर: व्यास ७ फूट, क्षेत्रफळ ३८.५ चौरस फूट, घनफळ १५४ घनफूट, पाणी सुमारे ४,३६० लिटर.

पुढील तिमाहीत उतरत्या काठाच्या खड्ड्याचे माप शिकवायचे आहे. वर्गात मोजपट्टी एकच आहे आणि मुले २३ आहेत. कोणाच्या घरी ५० फुटी टेप पडून असेल, तर ती येथे रोज वापरात राहील. या कुटुंबांना आपल्या प्रार्थनेत स्मरावे.