मातीचा बैल आणि नाकातला मोती

पोळा जवळ आला की आमच्या गल्लीतली तीन ते सहा वर्षांची लेकरं माझ्या अंगणात जमतात. मेहकरकडे या वयाच्या लेकरांना सणाचं काही करायला द्यायचं तर बाजारात जावं लागत नाही. पोळ्याला मातीचे बैल, भुलाबाईला ज्वारीच्या धांड्यांचं मखर, दिवाळीला पणती, हे सगळं शिवारातून येतं. इतकी वर्षं लेकरांसोबत बसून माझं एक मत पक्कं झालं आहे. मातीपेक्षा जपायचं असतं ते वरून चिकटवायला आणलेल्या सजावटीपासून.

आधी बैलाचं सांगते. आपली काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून नुसत्या मातीचा बैल दुसऱ्या दिवशी तडकतो. माती रस्त्याच्या वा नालीच्या कडेची घेऊ नका, वावरातली घ्या. खडे, काटे, काचा वेचून ती रात्रभर भिजवा आणि मळताना थोडा कापूस पिंजून घाला. मूर्तिकारही मातीत कापूस घालतात. त्याचे तंतू माती धरून ठेवतात. पाय मोठ्या माणसाच्या अंगठ्याइतके जाड ठेवायला सांगा आणि बैल सावलीत वाळवा. लेकराच्या हातून झालेला बैल डुकरासारखा दिसला तरी त्याला हात लावू नका. आपण तो नीट करून दिला की लेकरू उठून जातं आणि बैल आपला होतो. नंतर साबणाने हात धुवायचेच, नखांच्या आतली मातीही काढायची. जंत तिथूनच पोटात जातात.

एका पोळ्याला बैलांच्या घुंगरमाळांसाठी कुणीतरी प्लास्टिकचे बारीक मोती आणले. लेकरं हरखली. थोड्या वेळाने चार वर्षांचा एक पोरगा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "काकू, मोती माह्या नाकात हाय." शेजारच्या बाईने घाईघाईत केसांची पिन घातली. गुळगुळीत मोती आणखी आत सरकला, रक्त आलं आणि पोरगा कुणाला जवळ येऊ देईना. दवाखान्यात दोघांनी धरल्यावर डॉक्टरांनी मोत्याच्या मागे आकडा नेऊन तो पुढे ओढला.

म्हणून सांगते, नाकात काही गेलं तर पिन, चिमटा, बोट काहीही घालू नका. लेकराला शिंकरता येत असेल तर दुसरी नाकपुडी दाबून, तोंड मिटून एकदा-दोनदा शिंकरायला लावा. फार लहान लेकरू शिंकर म्हटलं की उलट आत ओढतं, त्याला सरळ दवाखान्यात न्या. वाटाणा किंवा चवळी असेल तर पाणी टाकू नका, दाणा फुगून घट्ट बसतो. आणि एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत राहिला, तर आत काही अडकलं आहे का ते तपासून घ्या. लेकरं मार बसेल म्हणून बोलत नाहीत. तो पोरगा आपण होऊन बोलला, हे आमचं नशीब.

घशाचा धोका तर याहून मोठा. सुमारे सव्वातीन सेंटीमीटर रुंदीच्या नळीत जी वस्तू पूर्ण मावते, ती तीन वर्षांखालच्या लेकराच्या खेळण्यात नको, असा खेळणी तपासणाऱ्यांचा दंडक आहे. मणी, टिकल्या, बटणं, थर्माकोलच्या गोळ्या सगळं त्यात मावतं. घुंगरमाळ हवी तर मातीवर काडीने टोचे मारा. झुलीला पळसाचं पान आणि बाशिंगाला झेंडूच्या पाकळ्या पुरतात. रंगाला गेरू, हळद आणि पांढऱ्यासाठी तांदळाचं पीठ घ्या. चुना मात्र लेकरांच्या जवळपासही नको. त्याची पुडी दाबली की चिळकांडी डोळ्यात उडते आणि बुबुळ भाजतं. तसं झालंच तर डोळा न चोळता निदान पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याच्या धारेखाली धरा आणि लगेच डोळ्यांचा डॉक्टर गाठा.

धांड्याची गोष्ट वेगळी आहे. आता आमच्या भागात सोयाबीन वाढलं आणि ज्वारी मागे पडली, तरी भुलाबाईपुरते धांडे मिळतात. धांडा सोलून आतल्या मऊ भेंडाच्या तुकड्यांत सालीच्या काड्या खोचून बैलगाडी करायची. आमच्या लहानपणी हेच खेळणं होतं. पण ती साल पात्यासारखी कापते. सोलण्याचं काम मोठ्यांनी करावं, लेकरांना भेंड आणि बोथट, आखूड काड्या द्याव्यात. खोचताना सगळ्यांना खाली बसवा. काडी हातात घेऊन पळणारं लेकरू पडलं की ती डोळ्यात जाते.

आणि दिवाळी. बॅटरीवर लुकलुकणाऱ्या पणत्या जळत नाहीत, म्हणून लोक त्या निर्धास्तपणे लेकरांच्या हाती देतात. मला सगळ्यात जास्त भीती त्यांचीच वाटते. अनेक पणत्यांत नाण्यासारखा चपटा सेल असतो आणि त्याचं झाकण नखानेही उघडतं. असा सेल गिळला जाऊन अन्ननलिकेत अडकला, तर ओलाव्यामुळे त्यातून वीज वाहू लागते आणि दोन तासांत आतून भाजतं. तो संपलेला असला तरी धोका तोच. लेकराने गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, शौचावाटे पडेल म्हणून थांबू नका. जिथे लगेच एक्स-रे निघेल तिथे न्या, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. नाका-कानात गेलेल्या सेललाही हीच घाई हवी.

त्यापेक्षा उरलेल्या काळ्या मातीचा गोळा लेकराच्या तळव्यावर द्या आणि अंगठा दाबायला सांगा, पणती तयार. कच्ची माती तेल पिते, म्हणून ती वाळल्यावर तिच्यात कुंभाराकडची भाजलेली छोटी पणती बसवा. वात लावायचं काम आपलं, आणि लेकरू सुती कपड्यांत, हातभर लांब.