ल्युपसमधील रक्तक्षय : गोळ्या घेऊनही रक्त का वाढत नाही?

वसई तालुक्यातील सांडोर हा वाड्यांचा परिसर. भाजीपाला, केळी आणि फुले यांच्या वाड्यांतून येथील स्त्रिया पिढ्यान् पिढ्या राबत आल्या आहेत. कष्टाने येणारा थकवा, इतरत्र होते त्याप्रमाणे येथेही, कोणी आजारात धरीत नाही. चेहरा पांढुरका दिसू लागला म्हणजे रक्त कमी झाल्याचे निदान घरीच होते आणि आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या आणल्या जातात. बहुतेकींना त्यांचा गुणही येतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील 54.2 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला; लोहाची उणीव हे त्याचे एक मोठे कारण होय. तथापि, गोळ्या नियमाने घेऊनही जिचे रक्त वाढत नाही, अशी एखादी स्त्री असतेच. ती गोळ्या फेकून देत असावी असा दोष बहुधा तिच्याच माथी मारला जातो. तिच्या रक्तक्षयामागे ल्युपससारखा विकार असू शकतो, ही शक्यता फारशी कोणाच्या ध्यानी येत नाही.

ल्युपस हा संसर्गजन्य रोग नव्हे. रोगजंतूंशी लढण्यासाठी शरीर जी प्रतिपिंडे तयार करते, तीच या विकारात स्वतःच्या पेशींवर उलटतात. दर दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात, त्याही बहुधा ऐन कर्त्या वयातील. सांधे दुखणे, बारीक ताप, तोंडात व्रण, केस गळणे आणि गालांवर व नाकावर पसरलेला, उन्हाने वाढणारा लालसर चट्टा ही त्याची लक्षणे होत. उन्हात काम करणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत हा चट्टा उन्हाचाच समजला जातो, ही यातील अडचण. सुमारे निम्म्या रुग्णांना केव्हा ना केव्हा रक्तक्षय होतो.

असे का व्हावे? तांबडी रक्तपेशी सुमारे 120 दिवस जगते. जुन्या पेशी मोडतात, त्यांतील लोह साठविले जाते आणि अस्थिमज्जा त्यातूनच नव्या पेशी घडविते. या कामी रोज 20 ते 25 मिलिग्रॅम लोह लागते. अन्नातून मात्र अवघे एक-दोन मिलिग्रॅम शोषले जाते. सारी भिस्त जुन्या लोहाच्या फेरवापरावर असते. ल्युपसमध्ये शरीरात सतत दाह धुमसत राहतो व त्यामुळे यकृतातून हेप्सिडिन नावाचे द्रव्य अधिक प्रमाणात स्रवते. ते आतड्यातून होणारे लोहाचे शोषण रोखते आणि साठ्यातील लोहही बाहेर पडू देत नाही. कोठार धान्याने भरलेले असावे, पण त्याला कुलूप लागावे आणि घरात चूल पेटू नये, तशी ही स्थिती. मग वरून आणखी धान्य आणून टाकल्याने काय साधणार?

दुसरा प्रकार कमी आढळतो, पण अधिक धोक्याचा असतो. प्रतिपिंडे थेट तांबड्या पेशींनाच चिकटतात व त्या अकाली नष्ट होतात. रक्त झपाट्याने उतरते, डोळे पिवळे दिसतात, धाप लागते. अशा रुग्णास जुळणारे रक्त शोधणेही कठीण जाते. कूम्ब्ज चाचणीने या प्रकाराचा छडा लागतो. ही चाचणी 1945 साली प्रचारात आली. याखेरीज ल्युपसने मूत्रपिंडे दुखावली, तर रक्तपेशी घडविण्यास चालना देणारे संप्रेरक कमी पडते. वेदनाशामक गोळ्यांनी जठरातून रक्त झिरपते, तर काही औषधांनी अस्थिमज्जा मंदावते.

रक्तक्षय म्हणजे लोहाचीच उणीव नव्हे, याचा एक जुना दाखला मुंबईतच आहे. 1928 साली आलेल्या डॉ. लूसी विल्स या संशोधिकेने येथील गरोदर स्त्रियांच्या तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास केला आणि तो यीस्टच्या अर्काने बरा होतो, असे 1931 मध्ये दाखवून दिले. त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजे फॉलिक आम्ल, हे पुढे उमगले. आज लोहाच्या गोळीत ते घातलेले असते. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात रक्तविकारांवर संशोधन करणारी राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. तिची सुरुवात 1957 साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून झाली होती.

दोन-तीन महिने गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन 12 ग्रॅमच्या खालीच राहिले आणि जोडीला सांधेदुखी वा चट्टा असेल, तर त्या स्त्रीला रक्त व लघवीच्या तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयात पाठविणे इष्ट. फेरिटिनचा आकडा दाहामुळे फसवा वाढतो, म्हणून तेवढ्यावरून लोह पुरेसे आहे असे मानता येत नाही. ल्युपस व लोहाची उणीव एकाच देहात एकत्रही नांदतात. सबब डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करू नयेत. निदान होऊन दाह आटोक्यात आला, की कोंडलेले लोह मोकळे होते आणि हिमोग्लोबिन पुष्कळदा लोहाची मात्रा न वाढविताच चढू लागते.