संगीतचर्चेतील शिष्टाचार

गाणे ऐकून झाल्यावर त्याविषयी चार शब्द बोलावेत, असे प्रत्येक रसिकास वाटते. कोणास गायकाचा आवाज भावतो, कोणास ताना आवडतात, तर कोणी रागाची शुद्धता पारखून पाहतो. अशा वेळी मते भिन्न होणारच. त्यात दोष नाही. दोष असलाच तर तो उत्तर देण्याच्या रीतीत असतो.

एक उदाहरण घेऊ. सकाळच्या मैफलीत गायकाने देशकार राग गाइला. नुकतेच गाणे ऐकू लागलेली एक मुलगी म्हणाली, "भूप किती सुंदर रंगला!" यावर एखादा जाणकार जर म्हणाला, "रागातले काही कळत नाही, तर बोलतेस कशाला?" तर त्याचे ज्ञान खरे असूनही त्याचे उत्तर वाईटच ठरेल. ती मुलगी पुन्हा काही विचारणार नाही. कदाचित मैफलीसही येणार नाही. एका कठोर वाक्यामुळे संगीत एका श्रोत्यास मुकेल.

दुसरा जाणकार म्हणेल, "बाळ, तुझा कान खोटा नाही. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर आहेत. परंतु रागातील मुख्य स्वर, म्हणजे वादी, भूपात गंधार असतो आणि देशकारात धैवत. पुन्हा ऐकशील तेव्हा गायक कोणत्या स्वरावर अधिक जोर देतो, ते पाहा." चूक दोघांनीही दाखविली, पण एकाने मुलीस हिणविले, दुसऱ्याने तिला स्वर ओळखण्यास शिकविले.

पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी देशभर हिंडून अनेक गुणीजनांशी संगीताविषयी चर्चा केली. त्यांचा 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा मराठी ग्रंथ गुरुशिष्यांच्या संवादरूपाने लिहिलेला आहे. शिष्य शंका विचारतो आणि गुरू तिचे निरसन करतो. शंका विचारणे हा अपराध नसून ज्ञानाचा आरंभ आहे, हेच यावरून दिसते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एकच राग निरनिराळ्या घराण्यांत थोड्या निराळ्या रीतीने गाइला जातो. म्हणून "हे चूक आहे" असे एकदम न म्हणता "आमच्याकडे हा राग असा गातात" असे म्हणावे. दुसऱ्याचे म्हणणे पुरते समजून घ्यावे, मगच उत्तर द्यावे. आपल्या मताचे कारण सांगावे. ठाऊक नसेल ते ठाऊक नाही असे मोकळेपणाने म्हणावे. उत्तर लेखी असेल, तर अधिकच जपावे; कारण बोलताना चेहऱ्यावर दिसणारे स्मित कागदावर उमटत नाही. लिहिलेले एकदा स्वतःशीच वाचून पाहावे आणि मग धाडावे.

उत्तम तबलजी गायकाचे गाणे झाकून टाकीत नाही. त्याच्या लयीस आधार देतो. चर्चेतील उत्तरही असेच असावे. ते ऐकून समोरच्यास आणखी गाणे ऐकावेसे वाटले, तर ते उत्तर सार्थकी लागले.

स्वाध्याय
१. दोन जाणकारांच्या उत्तरांत कोणता फरक आहे?
२. लेखी उत्तर देताना अधिक जपावे, असे लेखक का म्हणतो?
३. तुमच्या मित्राने एखाद्या गाण्याविषयी चुकीची माहिती सांगितली आहे, अशी कल्पना करा. त्यास चार वाक्यांत उत्तर लिहा.