कादंबरीतून पडद्यावर

नाताळची सुटी लागली म्हणजे मुलांना दोन गोष्टींची विशेष ओढ लागते. एक गोष्टीचे पुस्तक आणि दुसरा चित्रपट. पुष्कळदा पुस्तकात वाचलेली कथाच पडद्यावर पाहावयास मिळते आणि मग घरोघरी वाद रंगतो, ‘पुस्तक सरस की चित्रपट?’ कोल्हापूरला हा वाद नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी याच नगरातील एका चित्रकाराने एक गाजलेली कादंबरी पडद्यावर आणली होती.

त्या चित्रकाराचे नाव बाबुराव पेंटर. त्यांचे मूळ आडनाव मेस्त्री. १८९० साली कोल्हापुरात त्यांचा जन्म झाला. बाबुराव व त्यांचे चुलतबंधू आनंदराव नाटकमंडळ्यांचे पडदे इतके सुंदर रंगवीत की, ‘पेंटर’ हेच त्यांचे नाव होऊन बसले. पुढे चलच्चित्रांनी या दोघांस वेड लावले. कॅमेरा आपणच घडवावयाचा, असा त्यांनी निश्चय केला. परंतु १९१६ साली आनंदराव निवर्तले. या आघाताने बाबुराव खचले नाहीत. शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साह्याने त्यांनी १९१८ साली तो कॅमेरा सिद्ध केला. १९२० साली ‘सैरंध्री’ हा त्यांचा मूकपट लोकांपुढे आला.

१९२३ साली त्यांनी ‘सिंहगड’ काढला. हरि नारायण आपटे यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी त्यास आधारभूत होती. १६७० च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसरे यांनी प्राण देऊन कोंढाणा जिंकला, ती कथा मराठी माणसाच्या हृदयात घर करून राहिलेली. ती पडद्यावर आणणे मात्र सोपे नव्हते.

मूकपटास वाणी नसते. कादंबरीकार पात्रांच्या मनातील खळबळ शब्दांनी सांगतो. मूकपटात ती नटाच्या मुद्रेवरून व हालचालींवरूनच कळावयाची. दुसरी अडचण याहून मोठी होती. गडावरील लढाई रात्रीची. ‘काळोखी रात्र होती’ एवढे लिहिले की कादंबरीकाराचे काम भागते. परंतु कॅमेऱ्यास काळोखात काहीच दिसत नाही. रात्र दाखवावयाची तर प्रकाशच हवा! त्या काळी चित्रण बहुधा सूर्यप्रकाशात होई. बाबुरावांनी या चित्रपटासाठी कृत्रिम दिव्यांचा उपयोग करून पडद्यावर रात्र उभी केली. शिवाजी महाराजांची भूमिका त्यांनी स्वतः केली, तर शेलारमामा झाले होते पुढे नामवंत दिग्दर्शक म्हणून गाजलेले व्ही. शांताराम.

अक्षरओळख नसलेल्या माणसांची संख्या त्या काळी फार मोठी होती. कादंबरी त्यांच्या हाती असूनही उपयोग नव्हता. पडद्यावरील तानाजी मात्र त्यांनाही दिसला. चित्रपटाचा हा उपकार थोर होय.

परंतु या कथेस दुसरीही बाजू आहे. त्या काळच्या चित्रफिती सहज पेट घेत; न पेटल्या तरी नीट न जपल्यास काही वर्षांत कुजून जात. बाबुरावांचे बहुतेक मूकपट आज पाहावयास मिळत नाहीत. एवढ्या कष्टाने पडद्यावर आणलेल्या कथा फितीबरोबर गेल्या. आपट्यांची कादंबरी मात्र पुनःपुन्हा छापली गेली व आजही वाचावयास मिळते.

मग सरस कोण? चित्रपट सर्वांना एकच तानाजी दाखवितो. पुस्तक वाचणारा प्रत्येक जण आपला तानाजी आपणच घडवितो. एकात दुसऱ्याच्या कल्पनेचा आनंद आहे, दुसऱ्यात स्वतःच्या. बाबुरावांनी तरी काय केले? कादंबरीतील तानाजी प्रथम मनात पाहिला आणि मगच तो पडद्यावर आणला. कोल्हापुरात १८५० पासून ‘करवीर नगर वाचन मंदिर’ उभे आहे. ग्रंथालय जेथे असेल तेथे, सुटीत चित्रपट पाहून आलेल्या मुलाने त्याच कथेचे पुस्तकही मागून घ्यावे. त्याचा आनंद दुणावल्यावाचून राहणार नाही.

स्वाध्याय

१. ‘पेंटर’ हे नाव बाबुरावांस कसे मिळाले?
२. रात्रीची लढाई पडद्यावर दाखविणे कठीण का होते?
३. जुने मूकपट आज का पाहावयास मिळत नाहीत?
४. तुम्ही वाचलेली व पडद्यावर पाहिलेली एक कथा निवडा. दोहोंत कोणता फरक आढळला, ते दहा ओळींत लिहा.