किराणा, काटकसर आणि शेजारी

अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर टॉवेल-चादरी विणणाऱ्या कष्टकऱ्याची मजुरी दुकानदाराची उधारी फेडण्यातच संपली, तर आपण ‘बरकत राहिली नाही’ म्हणतो. पण त्या उधारीच्या वहीतील नोंदी कधी तपासतो का?

सूरह अल्-फुरकानच्या ६७ व्या आयतीनुसार रहमानचे दास उधळपट्टीही करत नाहीत आणि कंजुषीही. ते मध्यममार्ग धरतात. म्हणून महिन्याच्या आरंभीच ज्वारी, डाळ, तेलाची यादी व रक्कम ठरवावी. यादीबाहेरचे काही उधार आणू नये.

मात्र कात्री शेजाऱ्याच्या वाट्याला लावू नये. रस्सा शिजवताना पाणी वाढवून शेजाऱ्यांनाही द्यावा, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत अबू जर (रजि.) यांना सांगितल्याचे ‘सहीह मुस्लिम’मध्ये आहे. वाचकहो, काटकसर नासाडीत करावी, माणुसकीत नव्हे.