साक्षीदारालाच शिक्षा

रोह्याकडे जाताना नागोठण्याच्या पुढे निडी हे छोटं स्टेशन लागतं. इथल्या गाडीवाल्याला स्कॅनर लावायचा तर बहुधा नागोठणं, रोहा नाहीतर पेण गाठावं लागतं. गाडी मिसिंग करते, पिकअप घेत नाही, अ‍ॅव्हरेज पडलंय, चेक इंजिनचा दिवा लागलाय, अशी रड घेऊन एवढ्या लांब गेल्यावर पाच मिनिटांत ‘एअर फ्लो सेन्सर गेलाय’ असं ऐकलं, की माणसाला सुटल्यासारखंच वाटतं. माझा आक्षेप त्या पाच मिनिटांवर आहे. एअर फिल्टरच्या पुढे नळीत बसलेला हा सेन्सर म्हणजे तापवलेली बारीक तार किंवा पातळ पट्टी. आत येणारी हवा तिला थंड करते, आणि ती ठरावीक तापमानाला टिकवायला किती वीज लागते त्यावरून दर सेकंदाला किती ग्रॅम हवा आली हे इंजिनच्या कॉम्प्युटरला कळतं. पेट्रोल गाडीत साधारण १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल, या हिशेबाने मग इंधन सुटतं. सेन्सरच्या पुढे होज पाईप चिरला असेल, तर तिथून शिरलेली हवा त्याने पाहिलेलीच नसते. तो बिचारा खरं तेच सांगतो, आणि तरी हिशेब चुकतो.

म्हणून कोड नीट वाचायला हवा. पी०१०२ म्हणजे सिग्नल फारच कमी येतोय. त्यामागे सेन्सर असेल, तसाच कप्लरमधला हिरवा गंज किंवा उंदराने कुरतडलेली वायरही असेल, आणि कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात या दोन्ही शक्यता हसण्यावारी नेण्यासारख्या नाहीत. पी०१७१ एवढंच सांगतो की मिश्रणात इंधन कमी पडतंय. का, ते सांगत नाही. ते शोधायला स्कॅनरवर फ्युएल ट्रिमचे, म्हणजे कॉम्प्युटर इंधन किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय त्याचे, आकडे बघावेत. गाडी उभी असताना ट्रिम अधिक वीसच्या आसपास आणि रेस वाढवल्यावर पाचापर्यंत उतरत असेल, तर हवेची गळती शोधा, कारण हवा थोडी घेतली जाते तेव्हाच गळतीचा वाटा मोठा ठरतो. उलट उभ्या गाडीत सगळं ठीक आणि चढावर, लोडवर ट्रिम चढत असेल, तर सेन्सर हवा कमी मोजत असल्याचा संशय रास्त आहे.

यावर कुणी जाणकार म्हणेल, इंधनाचा पंप कमजोर असला तरी ट्रिम असाच चढतो. अगदी बरोबर. पण इथे साधं अंकगणित कामी येतं. टर्बो नसलेलं १.२ लिटरचं इंजिन ३००० आरपीएमला मिनिटाला १५०० वेळा पोट भरतं, म्हणजे १८०० लिटर, सेकंदाला ३० लिटर. आपल्याकडच्या उष्ण हवेचं वजन लिटरला सव्वा ग्रॅमहून थोडं कमीच. इंजिन पूर्ण भरत नाही हे धरलं तरी सेकंदाला २६ ते ३० ग्रॅम दिसायला हवेत. (मोजताना पाय पूर्ण दाबलेला हवा आणि आकडा शेजारच्याने वाचावा, न्यूट्रलमध्ये रेस देऊन हे कळत नाही.) आकडा १८ आला आणि फिल्टर तुंबलेला नसेल, तर दोष सेन्सरकडे जातो. तो २८ आला तर पंप तपासा.

दुसरा आक्षेप जास्त ऐकू येतो: कप्लर काढल्यावर गाडी सुधारली, मग आणखी काय पुरावा हवा? कप्लर काढला की कॉम्प्युटर ठरीव अंदाजावर चालतो. सुधारणा झाली तर संशय वाढतो, पण दोष सेन्सरचा की वायरिंगचा हे त्यातून ठरत नाही. डिझेलमध्ये तर ही युक्ती आणखी लंगडी, कारण तिथे हा आकडा मुख्यतः ईजीआर आणि धुराची मर्यादा सांभाळायला वापरला जातो. शिवाय आपल्या कितीतरी छोट्या पेट्रोल गाड्यांत हा सेन्सर नसतोच. त्या मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हवा ठरवतात. तेव्हा आधी बॉनेट उघडून तो आहे का ते बघावं.

इथल्या महामार्गाचं रुंदीकरण दशकाहून जास्त रेंगाळलं, आणि त्याची धूळ सैल बसलेल्या फिल्टरच्या कडेतून थेट तारेवर जाते. त्यामुळे मळलेला सेन्सर बदलण्याआधी एकदा धुऊन बघणं शहाणपणाचं. त्यासाठी याच कामाचा स्प्रे घ्यावा, कार्बोरेटर क्लीनर नको. तारेला बोट किंवा कापूस लावू नये, आणि पूर्ण वाळल्याशिवाय स्टार्टर मारू नये. धुऊनही आकडा तसाच राहिला, गळती नाही, कप्लर कोरडा आहे, तर नवा घ्यावाच. फक्त जुन्याच्या अंगावरचा पार्ट नंबर जुळवून, कारण दिसायला सारख्या दोन सेन्सरांचं माप सारखं असेलच असं नाही.